शनिवारचा शेवटचा तास आणि चार फ्लॉप्या

आयुष्यात एकदाच मी स्टेजच्या पडद्यामागे लपून देवाचा धावा केला आहे, आणि तोही एका फ्लॉपीपायी. पडद्यापुढे अख्खी शाळा बसली होती, गावातली प्रतिष्ठित मंडळी होती, शाल होती, श्रीफळ होतं. कॉम्प्युटर माझ्या लाडक्या गुरुजींना अरेतुरे करत "बे" म्हणत होता आणि पीटीचे सर ते खणखणीत आवाजात वाचून दाखवत होते.

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला माझी दया येणार नाही. पहिल्यापासून सांगतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नागपुरात कॉम्प्युटरचा कोर्स करून परत आलो आणि तुमसरला एका राईस मिलमध्ये लागलो. हजेरीपटावर माझा हुद्दा "कॉम्प्युटरवाला" असा होता, बॉयलरवाला आणि बैलबंडीवाला यांच्या बरोबर मधोमध. शेटजींनी कॉम्प्युटर घेतला होता, कारण दुसऱ्या एका शेटजींनी घेतला होता. त्याच्यासाठी एक खोली राखली होती आणि तिच्या दाराबाहेर चपला काढायची पाटी होती. पण धानाचा कोंडा पाटी वाचत नाही. तो दारातून यायचा, खिडकीतून यायचा, माझ्या केसांतून यायचा. म्हणून शेटाणीबाईंनी आपली जुनी दुलई मशीनवर घातली होती. मी रोज सकाळी दुलई झटकायचो, शिंकायचो आणि कामाला बसायचो.

अशाच एका सकाळी दाराशी चपला काढून गुरुजी आत आले.

हे सिहोऱ्याच्या हायस्कुलातले माझे गणिताचे शिक्षक. त्यांनी नोकरीची सुरुवात प्राथमिक शाळेत केली, तिथे त्यांना "गुरुजी" हे नाव चिकटलं, आणि हायस्कुलात सगळे "सर" झाले तरी हे गुरुजीच राहिले. त्यांच्या काखेत सात वह्या होत्या, चौकटी आखलेल्या, गणिताच्या.

"तुह्यापाशी कॉम्प्युटर आहे म्हणे," ते म्हणाले.

"शेटजीचा आहे जी. मी नुसता झटकतो."

"हे पाय."

मी पहिली वही उघडली आणि उभाच राहिलो. प्रत्येक चौकटीत एक इंग्रजी अक्षर, मोत्यासारखं. फोरट्रान! फोरट्रान या भाषेचा एक हट्ट असतो, प्रत्येक अक्षर आपल्या ठरलेल्या घरातच बसलं पाहिजे. जगभरातल्या लोकांनी त्याला नावं ठेवली, पण चौकटीच्या वहीवर प्रेम करणाऱ्या सिहोऱ्याच्या एका माणसाला तो पंगतीतल्या शिस्तीसारखा वाटला. नागपूरच्या पुतण्यानं रद्दीत टाकलेलं एक पुस्तक उचलून गुरुजी ती भाषा शिकले होते. कॉम्प्युटर त्यांनी तोपर्यंत कधी चालवला नव्हता.

"मग चालवून कसा पाहिला?" मी विचारलं.

"मीच कॉम्प्युटर झालो ना."

म्हणजे असं, की ओसरीवर खडूनं चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनाला प्रोग्रॅममधल्या एकेका आकड्याचं नाव द्यायचं, I, J, K असं, त्यात तितके चिंचोके मांडायचे, आणि वही वाचत एकेक ओळ पाळत चिंचोके इकडून तिकडे न्यायचे. तीन वर्षं हे चाललं होतं. त्यात एकच अडचण होती.

"तुही काकू," गुरुजी कळवळून म्हणाले, "दर सकाळी झाडून टाकते. परवा अख्खा J गेला."

हा प्रोग्रॅम करायचा काय, तर शाळेचं वेळापत्रक. कोणत्या वर्गाला कोणत्या तासाला कोण. गुरुजी बावीस वर्षं दर जूनला ते हातानं करत आले होते, आणि बावीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत एकच तक्रार चालू होती. ती करायचे हिंदीचे सर. शनिवारी शाळा सकाळची, तास पाच, त्यातला पाचवा फक्त दहावीला, आणि तो कोणालाच नको असतो. बाकीचे सायकली काढून घराकडे निघालेले असतात आणि एकटा माणूस खिडकीतून ते बघत शिकवत असतो. तो माणूस, बहुतेक दरसाल, हिंदीचे सर असायचे.

"पेन तुमच्या हातात आहे गुरुजी, म्हणून शनिवार आमच्या कपाळी आहे," असं ते चहाच्या वेळी म्हणायचे. हसत म्हणायचे, पण म्हणायचेच. बाकीचेही हसायचे.

गुरुजींनी वह्या नीट एकावर एक रचल्या आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी बेईमानी केली नाही असं मले वाटते. पण बावीस वर्षं आयकून आयकून आता माह्याच माह्यावर भरवसा नाही राह्यला. या महिन्याच्या शेवटी मी रिटायर होऊन राह्यलो. जायच्या आधी मशीनकडून करून पाह्यचं आहे. मशीनले कोणी सगा नाही. त्यानं सांगितलं का मी बेईमान, त मी मान्य करीन, सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर कायले जी? इथंच पाहू ना."

"तोहमत सगळ्यांसमोर आहे, त फैसला इथं कोंड्यात कसा करू?"

मग त्यांनी पूर्ण बेत सांगितला. शाळेत एक कॉम्प्युटर होता. तुमसरच्या एका व्यापाऱ्यानं वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला. तो मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात असायचा आणि दसऱ्याला बाहेर निघायचा. हळदीकुंकू वाहून त्याची दोन बटणं चिकट झाली होती, याखेरीज त्याचा काही उपयोग झाला नव्हता. निरोपसमारंभात तो स्टेजवर मांडायचा, गुरुजींनी स्वतःच्या हातानं प्रोग्रॅम चालवायचा, आणि वेळापत्रक तिथल्या तिथे बाहेर काढायचं.

"आणि तू हात लावाचा नाही," त्यांनी मला बजावलं. "नाही त हिंदीचे सर म्हणतील, पोट्ट्यानं आत काही तरी केलं."

आता इथे मला तुम्हाला थोडं गिरणीत न्यावं लागेल. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे धान. कॉम्प्युटर ते तसंच खात नाही. आधी एका यंत्रात टरफल निघतं, मग दुसऱ्या यंत्रात कोंडा निघून पॉलिश होतं, मग तिसऱ्यापाशी ते इतर जरुरीच्या गोष्टींसकट पोत्यात भरून शिवलं जातं, तेव्हा कुठे खाण्याजोगा तांदूळ तयार होतो. ही तीन यंत्रं म्हणजे तीन वेगळे प्रोग्रॅम. पहिल्या दोघांना मिळून कंपायलर म्हणतात, शेवटच्या शिवणाऱ्याला लिंकर. मिलच्या कॉम्प्युटरला पोटात हार्ड डिस्क होती, तिथे हे तिघं गुण्यागोविंदानं राहायचे. शाळेच्या कॉम्प्युटरला पोटच नव्हतं. नुसती दोन तोंडं, दोन फ्लॉप्यांसाठी. आणि एका फ्लॉपीवर एका यंत्रापेक्षा जास्त मावत नव्हतं. तिघांना बोलावायला प्रत्येक वेळी लांबलचक इंग्रजी हुकूम टाइप करावा लागायचा, त्यात एक स्वल्पविराम चुकला तरी सगळं परत.

म्हणजे मला करायचं होतं ते असं. सगळा बाडबिस्तारा चार फ्लॉप्यांत बांधायचा आणि त्यांच्यावर एक मुकादम नेमायचा. मुकादम म्हणजे हुकुमांची एक छोटी फाईल. गुरुजींनी फक्त KAR असं टाइप करायचं, की मुकादमानं एकेकाला हाक मारायची, मधे थांबून "आता अमुक नंबरची फ्लॉपी घाला" असं पडद्यावर सांगायचं, आणि शेवटी तयार प्रोग्रॅम चालू करून द्यायचा.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं. मुकादमाला मी पहिल्या फ्लॉपीवर ठेवलं. पहिलं काम झालं, पहिली काढून दुसरी घातली, तर कॉम्प्युटर म्हणाला, मुकादम असलेली फ्लॉपी परत घाला, पुढची ओळ वाचायची आहे. ती घातली. त्यानं एक ओळ वाचली आणि म्हणाला, दुसरी घाला. दुसरी घातली. आता म्हणतो मुकादम आणा. मी तीन दिवस उजव्या हातानं मुकादम काढत होतो आणि डाव्या हातानं घालत होतो. चौथ्या दिवशी मिलच्या अंगणात नजर गेली. आमचा खरा मुकादम हमालांबरोबर ट्रकपर्यंत कधीच जात नव्हता. तो वजनकाट्यापाशी स्टूल टाकून बसायचा आणि तिथून ओरडायचा. मी आत पळालो आणि माझ्या मुकादमाला चौथ्या फ्लॉपीवर बसवलं, जी दुसऱ्या तोंडात कायम राहणार होती, गुरुजींच्या प्रोग्रॅमसोबत. पहिली, दुसरी, तिसरी आळीपाळीनं पहिल्या तोंडात येतील जातील. आणि ते चाललं! मी उडी मारली, दुलई पडली, आणि मी सलग अकरा वेळा शिंकलो.

आता माझ्या पापाकडे येतो. तपासणी करताना दिवसातून वीस वीस वेळा तेच ते निरोप वाचून मी कंटाळलो होतो. म्हणून मी मुकादमाच्या तोंडी आमच्या मुकादमाचीच भाषा घातली. इंग्रजी अक्षरांत, पण बोली खास आपल्याकडची. एकटाच वाचायचो, एकटाच हसायचो. काम संपल्यावर मात्र शहाण्यासारखी दुसरी, सोज्वळ प्रत केली. "कृपया दुसरी फ्लॉपी घालावी." "थोडा वेळ थांबावे ही विनंती." गुरुजींना शोभेल अशी. तीच फ्लॉपीवर चढवली. जुनी मिलच्या हार्ड डिस्कवर राहू दिली, कारण स्वतःचे विनोद पुसायला मन होत नव्हतं.

निरोपसमारंभाच्या सकाळी मी चारही फ्लॉप्या पुठ्ठ्यात घातल्या आणि कोंडा लागू नये म्हणून हमालाकडून बारदानात छान शिवून घेतल्या. असं गुटगुटीत पार्सल मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ते घेऊन बस पकडायला निघालो आणि फाटकात चौकीदारानं अडवलं.

"काय आहे?"

"फ्लॉपी आहे. कॉम्प्युटरची."

"बारदानात आहे ना?"

"हो."

"मग परखी लागते."

परखी म्हणजे टोकदार, पोकळ लोखंडी नळी. पोत्याच्या पोटात खुपसून मूठभर दाणे बाहेर काढतात आणि माल तपासतात. मिलचा नियम होता, की बारदानात शिवलेली कोणतीही वस्तू परखी लागल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही. नियम चांगलाच होता, पण तो करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तांदूळ होता. मी "अरे थांब" म्हणेपर्यंत नळी आत गेली, सवयीनं अर्धी फिरली, बाहेर आली. चौकीदारानं ती तळहातावर आपटली. काळ्या प्लास्टिकचा एक तुकडा पडला. त्यानं तो उन्हात धरला, वास घेतला, दाताखाली चावून पाहिला.

"ओलावा नाही," तो म्हणाला. "जाऊ दे."

मी तिथेच शिवण उसवली. परखी काठानं गेली होती, तीन फ्लॉप्या वाचल्या होत्या, चौथी आरपार. चौकीदारानं वाकून बघितलं आणि त्याला धक्काच बसला.

"हे मधातलं मोठं भोक माह्या परखीचं नाही बा! हे पहिलेच कोणं तरी पाडलं आहे. चारीले आहे!"

फ्लॉपीच्या मधे भोक असतंच, हे त्याला समजावायला माझ्याकडे वेळ नव्हता. चौथी म्हणजे मुकादम आणि गुरुजींचा प्रोग्रॅम, दोन्ही त्याच्यावर. बसला वीस मिनिटं होती. मी चपला न काढता खोलीत घुसलो, दुलई फेकली, कोरी फ्लॉपी घातली, हार्ड डिस्कवरून दोन्ही उतरवून घेतले, आणि पार्सल या वेळी शर्टाच्या आत घालून फाटकातून असा पळालो, की चौकीदार मागून ओरडला, "पोटाले काय झालं बे?"

सिहोऱ्याला पोचलो तेव्हा स्टेज सजलं होतं. टेबलावर निळा कपडा, त्यावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला झेंडूचा हार. खाली सतरंज्यांवर मुलं, खुर्च्यांवर पाहुणे, मधोमध मशीन देणारे व्यापारी. फळ्यावर शिक्षकांची यादी, प्रत्येकापुढे नंबर. गुरुजी तीन, हिंदीचे सर नऊ. कॉम्प्युटरचा पडदा लहान, अक्षरं हिरवी, मागच्यांना काय दिसणार? म्हणून मुख्याध्यापकांनी पीटीच्या सरांना बाजूला उभं केलं होतं. पडद्यावर येईल ते जसंच्या तसं मोठ्यानं वाचायचं. पीटीच्या सरांचा आवाज बावनथडी नदीपलीकडे मध्य प्रदेशात ऐकू जातो असा लौकिक होता.

 मी फ्लॉप्या गुरुजींच्या हवाली केल्या आणि कबूल केल्याप्रमाणे पडद्यामागे गेलो. भाषणं झाली. मग गुरुजी खुर्चीत बसले आणि एकेक अक्षर शोधत त्यांनी K, A, R दाबलं.

यंत्र गुरगुरलं. पडद्यावर ओळ उमटली. पीटीच्या सरांनी छाती भरून घेतली आणि वाचलं,

"आन बे, एक नंबर आन!"

 घाईत मी जुनी प्रत उतरवून आणली होती.

 मुख्याध्यापक अर्धे उठले. पीटीच्या सरांनी पडद्याकडे परत बघितलं आणि कर्तव्यबुद्धीनं म्हणाले, "असंच लिहिलं आहे जी."

मग मशीन देणारे व्यापारी खुर्चीत सावरून बसले. "बराबर आहे," ते शेजाऱ्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आमच्या मिलमधी मुकादम असाच बोलते. असं बोलल्याबिगर काम नाही होत."

गुरुजींनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आज्ञाधारकपणा होता. तीन वर्षं चिंचोक्यांपुढे बसलेल्या माणसाला यंत्र प्रथमच काही तरी सांगत होतं. त्यांनी एक नंबर घातली.

"आता काढ. दोन नंबर टाक. पाहून काय राह्यला?"

पहिल्या रांगेतून एक खुदकन आवाज आला आणि मग सतरंज्यांच्या सतरंज्या लोळायला लागल्या.

"मले टाइम लागते. तू चहा पिऊन ये."

"चहा आणा रे गुरुजीसाठी!" व्यापारी ओरडले. चहा आला. गुरुजी तो यंत्राच्या आज्ञेवरून प्यायले.

"तीन नंबर. उलटी टाकू नोको, मागच्यावानी."

मागच्या वेळी उलटी मी टाकली होती, मिलमध्ये. पडद्यामागे उभ्या उभ्या मी कान पकडले.

आणि मग पडदा भरून आकडे आले. हसणं थांबलं. गुरुजी उठून उभे राहिले. पीटीच्या सरांनी सोमवार सोडला, मंगळवार सोडला, बोट थेट खाली नेलं आणि वाचलं, "शनिवार. शेवटचा तास. नंबर नऊ."

हिंदीचे सर जागेवरून उठले. उंच, पांढरा सदरा, हसरा चेहरा. "मले माहीतच होतं," ते म्हणाले. "मशीन कोणाचं ऐकते? ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्याचं. प्रोग्रॅम गुरुजीचा. तीन नंबर गुरुजीचा. आता पेन नाही, मशीन हातात आहे, एवढाच फरक."

टाळ्या नाहीत, हशा नाही. कारण मुद्दा बरोबर होता. गुरुजींचा चेहरा असा पडला, की मी सगळे करार विसरून पडद्याबाहेर आलो. पण गुरुजी माझ्याकडे बघतही नव्हते. ते फळ्याकडे बघत होते, आणि गणिताच्या माणसाच्या डोळ्यांत येतं ते काही तरी त्यांच्या डोळ्यांत आलं.

"सर," ते म्हणाले, "माहा नंबर तुम्ही घ्या, तुमचा मले द्या. मी तीन नंबरची तरफदारी लिहिली असन, त आता ती तुमची."

"आणि चालवन कोण?"

"तुम्ही."

ज्याची माहिती त्याच्यापाशीच ठेवून नुसते नंबर फिरवायचे, म्हणजे दोन ओळी बदलायच्या होत्या. त्या मी बदलल्या, हिंदीचे सर माझ्या खांद्यावरून, चष्मा नाकावर ओढून, एकेक अक्षर तपासत असताना. एक आकडा बदलला तरी धान परत टरफलापासून काढावं लागतं. म्हणजे पुन्हा KAR, पुन्हा तीन फ्लॉप्या. हिंदीचे सर खुर्चीत बसले, बाह्या सारल्या, बटणं दाबली.

"आन बे, एक नंबर आन!" पीटीचे सर गरजले, आणि आता त्यांनाही मजा येऊ लागली होती.

सरांना फ्लॉपीची खाच सापडेना. त्यांनी ती उभी करून बघितली, आडवी करून बघितली. तेवढ्यात ती एकदाची गेली, यंत्र गुरगुरलं, आणि पुढची ओळ आली. त्यांनी दोन नंबर उचलली खरी, पण हातात धरून विचार करत बसले.

"पाहून काय राह्यला?" या वेळी पीटीच्या सरांसोबत अख्खी नववी म्हणाली.

"शांतता!" मुख्याध्यापक म्हणाले. ते कोणाला म्हणाले, मुलांना की मशीनला, हे कळलं नाही.

हिंदीचे सर चहा प्यायले. तीन नंबर सुलटी टाकली. आकडे आले. पीटीच्या सरांनी बोट खाली नेलं.

"शनिवार. शेवटचा तास. नंबर तीन."

नंबर तीन आता कोण होतं? हिंदीचे सर! नंबर बदलला, खुर्ची बदलली, तरी शनिवार त्यांच्या मागं मागं चालत आला होता. ते फळ्याकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच न हसता त्यांनी विचारलं, "काहून? असं काहून होऊन राह्यलं गुरुजी?"

मी प्रोग्रॅम परत पडद्यावर आणला आणि गुरुजी त्याच्यापाशी वाकले. त्यांच्या ओठांची पुटपुट चालली होती, चिंचोके हलवल्यासारखी बोटं हलत होती. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही तुमची अट आहे सर. पहिला तास नको, दुसरा नको. तुम्ही वावरात चक्कर मारून, म्हशी पाहून सायकलीनं येता. दरसाल जूनमधी तुम्ही येऊन सांगता, मी लिहून घेतो. शनिवारी तास पाचच. दोन तुम्हीच काढून टाकता. राह्यले तीन. त्यात बाकीच्यांची खेचाखेच." ते सरळ उभे राहिले. "आईशपथ सांगतो, मलेही आज कळलं. मले वाटे तुमची किस्मतच तशी. कधी कधी वाटे, मीच कपटी आहे."

हिंदीच्या सरांनी ती ओळ वाकून दोनदा वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काढ ती अट. पाहू दे."

मी ओळ काढली. ते पुन्हा बसले, आणि तिसऱ्या वेळी काय झालं ते सांगायला नको. एकेक निरोप अख्खी शाळा म्हणत होती. "आन बे!" ला चारशे गळे होते. "चहा पिऊन ये" हे व्यापारी उभे राहून म्हणाले. "उलटी टाकू नोको" ला हिंदीच्या सरांनी फ्लॉपी उंच धरून सगळ्यांना दाखवली, सुलटी आहे ना? "आहे!" मग घातली.

"शनिवार," पीटीचे सर म्हणाले, "शेवटचा तास. नंबर एक."

सगळ्या माना फळ्याकडे वळल्या, आणि तिथून मुख्याध्यापकांकडे. नंबर एक ते होते. दहावीचं इंग्रजी शिकवायचे. ते उठले, घसा साफ केला, आणि म्हणाले, "मशीन तापलं असावं. मी कार्यक्रम संपल्याचं जाहीर करतो."

पण हिंदीच्या सरांनी माईक हातात घेतला होता. "बावीस वर्षं मी गुरुजीले बोललो," ते म्हणाले. "चहा पिता पिता बोललो, म्हणून कोणी अडवलं नाही. आज मले मशीननंही बे म्हटलं, तरी मले वाईट नाही वाटलं, कारण ते खरं बोलून राह्यलं. गुरुजीनं कधी बेईमानी केली नाही. हे मी सगळ्यांसमोर म्हणतो." आणि ते वाकले. गुरुजींनी त्यांना अर्ध्यातच धरलं, त्यामुळे दोघांचे चष्मे एकमेकांत अडकले आणि ते सोडवायला पीटीचे सर धावले.

टाळ्या पडल्या त्या या वेळी. चष्मा सुटल्यावर गुरुजींनी चारही फ्लॉप्या उचलल्या, वहीच्या चौकटीत अक्षर ठेवतात तशा अलगद हिंदीच्या सरांच्या तळहातावर ठेवल्या, आणि जाहीर केलं, "येत्या जूनपासून वेळापत्रक हे करतील."

 हिंदीचे सर फ्लॉप्या छातीशी धरून चिवड्याच्या टेबलाकडे आले. गुरुजी तिथे माझ्याशेजारी बशी घेऊन उभे होते, आणि ते इतके हलके दिसत होते की शाल त्यांना धरून ठेवत होती असं वाटावं. मला काही बोलतील, त्या "बे" बद्दल, म्हणून मी मान खाली घालून होतो. ते एवढंच म्हणाले, "मुकादम चांगला केला तू. आयकावं लागते त्याचं."

तेवढ्यात संस्कृतच्या बाई चहाचा कप घेऊन हिंदीच्या सरांजवळ सरकल्या. बाई फार गोड बोलायच्या.

"सर, एक विचारू का जी? नव्या वेळापत्रकात तुमचा शनिवार बरा मोकळा दिसून राह्यला?"

"बाई, ते मी नाही केलं! मशीननं केलं!"

"हो ना," बाई कपात फुंकर घालत म्हणाल्या. "पण मशीनमधी फ्लॉपी कोणं टाकली?"

गुरुजींना चिवड्याचा असा ठसका लागला, की पीटीच्या सरांना त्यांची पाठ थोपटावी लागली, आणि त्या ठसक्यातही ते हात वर करून हिंदीच्या सरांकडे बोट दाखवत होते.